पाणी तापविणाऱ्या कॉइलचे आयुष्य

मार्गशीर्षाची थंडी पडू लागली की वसतिगृहांतील, आश्रमशाळांतील आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील विजेचे गिझर वर्षातले खरे काम सुरू करतात, आणि नेमक्या त्याच सुमारास ते बंदही पडतात. वायरमन येतो, ‘कॉइल गेली’ असे सांगतो. पुढे दुरुस्तीचा प्रस्ताव, दरपत्रके आणि मंजुरी यांत थंडी सरून जाते. पुष्कळदा कॉइलऐवजी संपूर्ण गिझरच निर्लेखित होतो आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत नव्या गिझरची नोंद पडते. टाकी शाबूत असते, बाहेरचे कवच शाबूत असते. गेलेली असते ती हातभर लांबीची एक वाकविलेली नळी. ही नळी किती काळ टिकावी आणि प्रत्यक्षात ती इतक्या लवकर का जाते, हे समजून घेणे संस्थाप्रमुखांना व ग्रामपंचायतींच्या सदस्यांना उपयोगी पडेल. कारण प्रश्न केवळ खर्चाचा नाही. बिघडत चाललेली कॉइल ही स्नान करणाऱ्याच्या जीवाशी निगडित बाब आहे.

नळीच्या आत काय असते?

ज्याला आपण कॉइल म्हणतो तिचे तीन भाग असतात. अगदी आत नायक्रोमची, म्हणजे साधारण ऐंशी टक्के निकेल व वीस टक्के क्रोमियम या मिश्रधातूची, बारीक सर्पिल तार असते. आल्बर्ट मार्श या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाला या मिश्रधातूचे एकस्व १९०६ साली मिळाले आणि विजेवर चालणारी शेगडी, इस्त्री, गिझर ही सारी उपकरणे त्यानंतरच खऱ्या अर्थाने शक्य झाली. नायक्रोम तापल्यावर त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक घट्ट पापुद्रा तयार होतो व तो आतल्या धातूचे पुढील गंजण्यापासून रक्षण करतो. तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता चांगली वाहून नेते, परंतु वीज जाऊ देत नाही. असे दोन्ही गुण एकत्र असलेले स्वस्त पदार्थ फार थोडे आहेत. सर्वांत बाहेर तांब्याची, पोलादाची अथवा इन्कोलॉय नावाच्या निकेलयुक्त मिश्रधातूची नळी असते.

पाण्यात बुडालेली तार शेगडीतल्या तारेसारखी लालबुंद कधीच होत नाही, कारण पाणी तिची उष्णता सतत काढून घेते. त्यामुळे तिची झीज अतिशय मंद असते. मऊ पाण्यात, योग्य तपमानावर चाललेली कॉइल दहा वर्षांहून अधिक काळ टिकली तरी त्यात नवल नाही. वार्धक्याने मेलेली कॉइल मात्र क्वचितच पाहावयास मिळते.

वर्षे मोजावीत की तास?

कॉइलचे वय वर्षांत मोजण्याची आपली पद्धत दिशाभूल करणारी आहे. एक साधे गणित करून पाहू. चार माणसांच्या घरात प्रत्येकाला १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंश सेल्सियसपर्यंत तापवून द्यावयाचे झाल्यास सुमारे १.४ युनिट वीज लागते. दोन किलोवॅटची कॉइल हे काम ४२ मिनिटांत करते. तेच पाणी शंभर मुलांच्या वसतिगृहात द्यावयाचे असेल तर रोज सुमारे ३५ युनिट लागतात. तीन किलोवॅटच्या दोन कॉइल बसविल्या तरी प्रत्येकीला जवळजवळ सहा तास राबावे लागते. म्हणजे वसतिगृहातील एक वर्ष हे घरातील आठ वर्षांच्या बरोबरीचे झाले. घरगुती वापरासाठी घडविलेला गिझर वसतिगृहात लावून तो दोन वर्षांत जळाला, तर मालाला दोष देणे न्यायाचे होत नाही. दोष निवडीचा असतो.

विजेच्या दाबाचाही परिणाम होतो. कॉइलची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी २५० व्होल्ट मिळाले तर ती सुमारे १८ टक्के अधिक तापते. रात्री उशिरा, गावातील भार उतरल्यावर दाब चढतो आणि वसतिगृहाचे पाणी अनेकदा त्याच वेळी तापत असते.

क्षारांचा थर

तरीही कॉइलचा मुख्य शत्रू वीज नसून पाणी आहे. महाराष्ट्राच्या सुमारे चार पंचमांश भूभागाखाली काळा बेसॉल्ट पाषाण आहे. त्यातील भेगांतून झिरपून विंधन विहिरीत येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. शास्त्रीय परिभाषेत हे दुष्फेन पाणी, लोकभाषेत जड पाणी. साबणाचा फेस न होणे व डाळ न शिजणे या त्याच्या खुणा घरोघरी ठाऊक आहेत. असे पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेटचे विघटन होते व कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे प्रत्यक्षात चुनखडीच, तयार होऊन सर्वांत उष्ण पृष्ठभागावर जमते. गिझरमध्ये सर्वांत उष्ण पृष्ठभाग अर्थातच कॉइलचा.

चुनखडीची उष्णता वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या तुलनेत शंभराहून अधिक पटींनी कमी आहे. कॉइलच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून आठ वॅट उष्णता बाहेर पडत असेल, तर एक मिलिमीटर जाडीच्या थरामुळे नळीचे तपमान ४० ते ८० अंशांनी चढते. थर तीन-चार मिलिमीटर झाला की आतील तार आपल्या सोयीच्या मर्यादेपलीकडे तापू लागते. तिचा संरक्षक पापुद्रा तडकतो, एका जागी ती बारीक होते, बारीक झालेल्या जागी रोध वाढतो, म्हणून तीच जागा आणखी तापते आणि अखेर तेथेच तुटते.

येथे एका प्रचलित समजाचा निरास करावयास हवा. क्षार साचल्याने विजेचे बिल भरमसाट वाढते, असे विक्रेते सांगतात. बुडालेल्या कॉइलच्या बाबतीत ते फारसे खरे नाही. तारेत जितकी वीज जाते तितकी उष्णता निर्माण होते आणि थर कितीही जाड असला तरी ती अखेर पाण्यातच उतरते. थरामुळे बिल नव्हे, कॉइलचे आयुष्य खर्ची पडते. म्हणूनच हे नुकसान ध्यानात येत नाही. मीटर काही बोलत नाही. बोलतो तो गिझर. पाणी तापताना आत वाळू तडतडल्यासारखा आवाज येऊ लागला अथवा तोटीतून पांढऱ्या कपच्या पडू लागल्या, तर थर पुरेसा जाड झाला असे खुशाल समजावे.

भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या पेयजल मानकानुसार पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह व अन्य स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालण्याजोगा मानला आहे. पिण्यास चालणारे ५०० मिलिग्रॅमचे पाणी कॉइलला मात्र मुळीच मानवत नाही. आता गंमत अशी की हा आकडा बहुतेक गावांत दप्तरी असतो. गावाच्या स्रोतांचे नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत तपासले जातात आणि अहवाल ग्रामपंचायतीकडे येतो. परंतु गिझर खरेदी करताना तो अहवाल कोणी उघडत नाही. खरेदीच्या मागणीपत्रात लिटर व वॅट यांच्याबरोबर पाण्याचा कठीणपणा लिहिण्याची प्रथा पडली, तर पुरवठादाराला योग्य कॉइल देण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.

विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांच्या काही भागांत, प्रश्न वेगळा आहे. तेथील भूजलात क्लोराइडचे प्रमाण अधिक असते. कोकणात खाडीलगतच्या विहिरींचेही तसेच. क्लोराइडमुळे साध्या स्टेनलेस पोलादाला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. अशा ठिकाणी इन्कोलॉयची नळी महाग वाटली तरी तीच घ्यावी.

थर्मोस्टॅटविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. तपमान ६० अंशांच्या वर गेले की थर झपाट्याने जमतो. त्याच्या बरेच खाली ठेवल्यास साठविलेल्या पाण्यात रोगजंतू वाढण्याचा धोका राहतो. म्हणून काटा ६० वर ठेवावा व पाणी बादलीत विसणून घ्यावे.

कोरडी कॉइल

थराने कॉइल हळूहळू मरते, पाण्यावाचून ती काही मिनिटांत मरते. छतावरील टाकी रिकामी झाली आणि गिझरच्या नळावर पाणी उलट जाऊ न देणारी झडप नसली, तर गिझरही रिकामा होतो. खाली कोणाला त्याची कल्पना नसते व बटण चालूच असते.

युरोपात चाकांवरच्या घरांतून, म्हणजे कारवाँमधून, प्रवास करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. त्या गाड्यांत ऊब व गरम पाणी मुख्यतः गॅसवर मिळते आणि तळावर विजेची जोडणी असेल तेव्हा उपयोगी पडावी म्हणून एक-दोन किलोवॅटची कॉइल बसविलेली असते. कडाक्याच्या थंडीत पाणी गोठून टाकी फुटू नये यासाठी ती रिकामी करून ठेवतात आणि पुढच्या सहलीला ती भरण्याआधी बटण दाबले गेले की नुकसान ठरलेले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कारवाँ पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. आपल्याकडे पाणी गोठण्याचे भय नाही, परंतु महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी कोरडी असण्याचे भय आहेच.

पाणी तापविण्याचा साधा रॉड या बाबतीत सर्वांत नाजूक. त्यावर पाण्याच्या किमान व कमाल पातळीच्या खुणा असावयास हव्यात. आठवडे बाजारात मिळणाऱ्या अनेक रॉडांवर त्या नसतात, भारतीय मानक चिन्हही नसते. गिझर व रॉड या दोहोंसाठी हे चिन्ह सक्तीचे आहे, याकडे शाळांनी व वसतिगृहांनी काटेकोरपणे पाहावे. रॉड चालू असताना पाण्यात हात घालून ‘तापले का’ हे पाहण्याची सवय प्राणघातक आहे.

मरणारी कॉइल अधिक धोक्याची

तार तुटली तर पाणी थंड राहते, एवढेच. नळीला चीर पडली तर गोष्ट वेगळी. मॅग्नेशियम ऑक्साइड ओलावा शोषून घेते, ओले झाले की ते वीज अडवू शकत नाही, आणि प्रवाह नळीतून पाण्यात व टाकीत उतरतो. अशा अवस्थेतही गिझर पाणी तापवीत राहतो. म्हणून बिघाड उघडकीस येत नाही. अर्थिंग उत्तम असेल तर प्रवाह जमिनीत जातो आणि ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षक यंत्र बसविले असेल तर ते निमिषार्धात वीज तोडते. अर्थिंगची तार तुटलेली असेल तर तोटी, पाणी आणि ओल्या फरशीवर उभे असलेले मूल यांतून तो मार्ग काढतो. हे यंत्र वारंवार खटका पाडते म्हणून वायरमनकडून ते काढून टाकविल्याची उदाहरणे ऐकावयास मिळतात. खटका पडणे हीच त्या यंत्राने दिलेली वर्दी असते.

उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालण्याचे काम कोणाचे, हे संस्थेत नावानिशी ठरलेले असावे.

देखभाल

कठीणपणा ३०० मिलिग्रॅमहून अधिक असेल तेथे वर्षातून एकदा, आणि वसतिगृहासारख्या सतत वापराच्या जागी सहा महिन्यांनी, कॉइल बाहेर काढून साफ करावी. मुख्य स्विच बंद करून, पाणी काढून टाकून, जाणकार वायरमनकडूनच हे काम करवावे. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून त्यात कॉइलचा पाण्यात राहणारा भागच बुडवावा. विजेची टोके ओली होऊ देऊ नयेत. बुडबुडे थांबले की धुऊन घ्यावी. थर ठोकून काढू नये, नळीला पोचे पडतात. फरशी धुण्याचे तीव्र आम्ल तर मुळीच वापरू नये, ते थराबरोबर धातूही खाते. त्याच वेळी टाकीतील मॅग्नेशियमची कांडी पाहून घ्यावी. टाकीऐवजी स्वतः गंजून जाण्यासाठीच ती असते, आणि ती संपली की टाकीची पाळी येते. गिझर परत जोडल्यावर गरम पाण्याच्या तोटीतून अखंड धार येईपर्यंत बटण दाबू नये.

सौर उष्णजल संयंत्रे बसविलेल्या आश्रमशाळांत कॉइल केवळ ढगाळ दिवसांपुरती असते. उन्हाळाभर ती स्वस्थ पडून राहते, तिच्या टोकांच्या सांध्यांतून दमट हवा आत शिरते आणि आषाढात पहिल्यांदा बटण दाबताच खटका पडतो. तेव्हा ती जळाली असे समजून फेकून देण्याची घाई करू नये. बाहेर काढून, शंभर अंशांहून थोड्या अधिक तपमानाच्या ओव्हनमध्ये काही तास सुकविल्यास ती पुष्कळदा पूर्ववत होते. सुकविल्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरने तपासणी करावी. तार व नळी यांमधील रोध एक मेगओहमपेक्षा कमी भरला तर ती कॉइल पुन्हा बसवू नये. हीच तपासणी दिवाळीच्या सुट्टीत, मुले परतण्यापूर्वी, प्रत्येक गिझरची करून घेऊन आलेला आकडा व दिनांक जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्या गिझरपुढे लिहून ठेवावा. दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी पाहिले की कोणती कॉइल येत्या थंडीत दगा देणार, हे गृहपालांना आधीच सांगता येते.