विश्लेषण : पहिला अल्बम गाजतो, मग दुसऱ्यावर बँड का अडखळतात?

दिवाळीनंतरच्या मंडईत चिचगड-देवरी भागात झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात. मागच्या हंगामात एखादं नाटक गाजलं की त्याच मंडळीकडून यंदा लोकांना दोन गोष्टी एकदम हव्या असतात : नाटक नवं हवं आणि मजा जुनीच हवी. रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमचं दुखणं नेमकं हेच आहे. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने १९९० मध्ये दुसरा अल्बम आणला, त्याचं नाव ‘द सेकंड कमिंग’, म्हणजे पुनरागमन. चार वर्षांनी इंग्लंडच्या ‘द स्टोन रोझेस’नेही आपल्या दुसऱ्या अल्बमला जवळपास हेच नाव दिलं. दोन्ही बँडना श्रोते मात्र फार वेगळे भेटले.

दुसरा अल्बम इतका अवघड का?

पहिल्या अल्बममधली गाणी बहुतेकदा कित्येक वर्षांची असतात. कॉलेजच्या कार्यक्रमांत, छोट्या मंचांवर ती वाजवून झालेली असतात. लोकांनी जी उचलली नाहीत ती आपोआप गळून पडतात. दुसऱ्या वेळी ही चाळणी नसते. नवी गाणी थेट स्टुडिओत लिहायची, तीही कंपनीने तारीख ठरवून दिलेली असताना. पुन्हा तसंच केलं तर ‘यांच्याकडे नवं काही नाही’ आणि वेगळं केलं तर ‘हे बिघडले’, असं ऐकावं लागतं. महत्त्वाकांक्षी बँड दुसरा धोका पत्करतात.

‘रॉक मशीन’ने काय पणाला लावलं होतं?

हा बँड १९८४ मध्ये मुंबईत उभा राहिला. गिटारवादक महेश तिनईकर आणि पुढे आलेले गायक उदय बेनेगल ही त्यातली ठळक नावं. त्या काळी भारतात रॉक वाजवायचं म्हणजे परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवायची. मुंबईच्या रंगभवनात किंवा कॉलेज महोत्सवांत जमलेली गर्दी त्याच गाण्यांची फर्माईश करी. अशा वेळी १९८८ मध्ये ‘रॉक मशीन’ने ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. एकदा असं करणं हौस म्हणून खपून गेलं असतं. दोनच वर्षांत पुन्हा स्वतःचीच गाणी घेऊन येणं म्हणजे ‘आम्ही नकलाकार नाही’ असं ठणकावून सांगणं होतं. माझ्या मते ‘द सेकंड कमिंग’ची खरी महत्त्वाकांक्षा सुरावटीपेक्षा या हट्टात आहे.

मग तो घराघरांत का पोचला नाही?

यात आवडीनिवडीइतकाच काळाचाही भाग होता. १९९० मध्ये दूरदर्शन होतं, आकाशवाणी होती आणि कॅसेट होती. एमटीव्ही आपल्याकडे उपग्रहावरून आलं १९९१ मध्ये. रॉक संगीताला वाहिलेलं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक अलाहाबादहून निघालं १९९३ मध्ये. खासगी एफएम केंद्रं त्याहून कितीतरी उशिरा. म्हणजे अल्बम आधी आला आणि तो पोचवणाऱ्या वाटा नंतर तयार झाल्या. चिचगडच्या एखाद्या तरुणाला ती कॅसेट गोंदिया-नागपूरहून मागवायची असती तरी आधी तिचं नाव कानावर पडायला हवं होतं, आणि ते पाडणारं कोणी नव्हतं. ‘लोकांना आवडला नाही’ आणि ‘लोकांपर्यंत गेलाच नाही’ या दोन गोष्टी आपण नेहमी एकात मिसळतो.

बँडने पुढे जे केलं ते अधिक बोलकं आहे. १९९३ मध्ये त्यांनी ‘रॉक मशीन’ हे नाव टाकून ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं. १९९५ च्या त्याच नावाच्या अल्बममध्ये गिटारच्या जोडीला तबल्यासारखी भारतीय वाद्यं आली. तोवर घरोघरी केबल पोचली होती, त्यांचे व्हिडिओ एमटीव्हीवर दिसू लागले. १९९७ मध्ये बँड थांबला, २०१० मध्ये पुन्हा जमला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला.

आणि ‘स्टोन रोझेस’चं काय झालं?

त्यांची अडचण उलटी होती : सगळे वाट पाहत होते. १९८९ चा पहिला अल्बम डोक्यावर घेतला गेला. मे १९९० मध्ये स्पाइक आयलंडच्या मैफलीला सुमारे २७ हजार लोक जमले. मग जुन्या कंपनीशी करारावरून कोर्टकचेरी झाली. १९९१ मध्ये निकाल बँडच्या बाजूने लागला आणि गेफेन या बड्या कंपनीशी नवा करार झाला. दुसरा अल्बम मात्र साडेपाच वर्षांनी, ५ डिसेंबर १९९४ रोजी आला. पहिलं गाणं अकरा मिनिटांचं, त्यात सुरुवातीची चारेक मिनिटं वाहतं पाणी आणि जंगलाचे आवाज! नाजूक चालींच्या जागी जॉन स्क्वायरची सत्तरच्या दशकातल्या धाटणीची दणदणीत गिटार होती. मधल्या काळात ओॲसिस आणि ब्लर यांनी मैदान मारलं होतं. अल्बम ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेला, ‘लव्ह स्प्रेड्स’ हे गाणं दुसऱ्या. तरीही ‘एवढी वर्षं थांबलो ते यासाठी?’ हा सूर पुसला गेला नाही. १९९५ मध्ये ड्रमर रेनी गेला, १९९६ मध्ये स्क्वायर. त्याच वर्षी बँड संपला.

पहिला निकाल कायम राहतो का?

अमेरिकेच्या ‘वीझर’ बँडचं उदाहरण पाहा. पहिला अल्बम तुफान खपल्यावर १९९६ मध्ये त्यांनी ‘पिंकर्टन’ काढला. हा अल्बम खरखरीत होता आणि गायक रिव्हर्स क्वोमोच्या एकटेपणाने भरलेला होता. ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी त्याला वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बममध्ये तिसरा क्रमांक दिला. आठ वर्षांनी त्याच नियतकालिकाने त्याला पाच तारे दिले. अल्बम तोच होता. दरम्यान इंटरनेटवरून तो नव्या पोरांच्या हाती लागला होता.

‘स्टोन रोझेस’ २०११ मध्ये पुन्हा एकत्र आले, तेव्हा मँचेस्टरच्या तीन मैफलींची २ लाख २० हजार तिकिटं ६८ मिनिटांत संपली. पण तिथेही बहुतेक गाणी पहिल्या अल्बमच्या काळातलीच वाजली.

मोबाइलवर ऐकणाऱ्यांसाठी काय बदललं?

‘पोचला नाही’ हे कारण आता उरलेलं नाही. नेटवर्क धड असेल तर अल्बम मुंबईत आणि चिचगडमध्ये एकाच मिनिटाला येतो. अडचण दुसरीच झाली आहे. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद ऐकलं तरच ते ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं. त्यामुळे सुरुवातीलाच ओळखीची धून टाकण्याकडे कल वाढला आहे. चार मिनिटं नदी वाहू देणारा बँड आज त्या हिशेबात बसणं कठीण. निदान दुसऱ्या अल्बमचं पहिलं गाणं तरी बोट न लावता शेवटपर्यंत ऐकून पाहा, मग पुढचं ठरवा.