पहिल्या फटकाऱ्याआधी

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या ज्या तैलप्रती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत, त्यांतल्या सर्वांत मोठ्या सुमारे सहा मीटर लांब आणि तीन मीटर उंच आहेत. म्हणजे वीस फूट बाय दहा फूट. एवढा कॅनव्हास वाघूर नदीच्या घळीतल्या अंधाऱ्या लेण्यापर्यंत न्यायचा, ताणायचा, सरळ उभा करायचा आणि मग त्यावर ब्रश टेकवायचा. आजही छत्रपती संभाजीनगरात कुणी मोठं तैलचित्र करायला घेतलं, तर त्याचा बराचसा निकाल रंगाची पहिली ट्यूब उघडण्याआधीच लागलेला असतो. ही तयारी म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला अजिंठ्याइतकी चांगली शाळा नाही.

या प्रतींची कथा 1844 पासून सुरू होते. लेण्यांची अवस्था पाहून अस्वस्थ झालेल्या जेम्स फर्ग्युसन यांनी पाठपुरावा केला आणि ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासच्या फौजेतल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला करायला अजिंठ्याला धाडलं. हिंदुस्थानात तेव्हा रेल्वे नव्हती. पहिली गाडी धावायला आणखी नऊ वर्षं होती. तैलरंग भरायच्या पत्र्याच्या ट्यूबा 1841 मध्ये नुकत्याच निघाल्या होत्या. त्याआधी चित्रकार घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत ठेवत. अशा काळात निजामाच्या मुलखातल्या एका आडगावी राहून गिलने वर्षानुवर्षं मोठमोठे कॅनव्हास रंगवले. अजिंठा गावातली बारादरी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. त्या चित्रांपैकी बहुतेक सगळी 30 डिसेंबर 1866 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली.

मग 1872 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलं पुढे नावारूपाला आलेलं नाव. तेरा वर्षांत सुमारे तीनशे कॅनव्हास झाले. 1885 मध्ये पुन्हा आग लागली आणि त्यांतले शंभराहून अधिक गेले. गिल आणि ग्रिफिथ्स या दोघांच्या मिळून 166 प्रती आज उरल्या आहेत.

या मंडळींसमोर जी मूळ चित्रं होती, त्यांची तयारी पाहण्यासारखी आहे. लेणं कोरताना भिंतीवर छिन्नीचे घाव मुद्दाम राखले होते, म्हणजे गिलावा धरून राहावा. त्यावर माती, दगडाची भरड, भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून जाड थर दिला, त्यावर बारीक मातीचा दुसरा थर आणि शेवटी चुन्याचा पातळ हात. मग गेरूने रेखाटन, मग रंग. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचं पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवलं. तिथल्या गिलाव्याला कीड कमी लागली, याचं श्रेय ते या तंतूंना देतात. चित्र टिकतं ते रंगाच्या जोरावर, असा आपला समज असतो. खरं तर रंगाखाली काय आहे, यावर त्याचं आयुष्य ठरतं.

तैलचित्रात भिंतीची जागा कापड घेतं. सहा फूट बाय दहा फुटांचं चित्र धरून चालू. पहिली गाठ सुताराशी. लाकूड मुरलेलं आणि सरळ हवं. ओल्या लाकडाची चौकट पहिल्याच उन्हाळ्यात पीळ घेते. एवढ्या मोठ्या चौकटीला मधे आडव्या-उभ्या पट्ट्या लागतातच, नाहीतर ताणलेलं कापड लांब बाजू आत ओढतं. कोपऱ्यांत लाकडी पाचरी बसतील अशी खाच ठेवायची. पुढे कापड सैल पडलं की त्या पाचरी हलकेच ठोकून ते पुन्हा ताठ करता येतं. चौकटीची पट्टी आतल्या बाजूला उतरती हवी, म्हणजे तिची कड कापडाला टेकत नाही आणि चित्रावर तिची रेघ उमटत नाही.

कापड ताणताना घाई नडते. लांब बाजूच्या मध्यावर पहिला खिळा, मग बरोबर समोरच्या बाजूला, मग उरलेल्या दोन बाजूंच्या मध्यावर. तिथून थोडं थोडं कोपऱ्यांकडे सरकायचं, प्रत्येक खिळ्याला समोरचा जोडीदार देत. विणीचे धागे चौकटीला समांतर राहिले पाहिजेत. एका कोपऱ्यातून सुरुवात करणाऱ्याच्या कापडाला तिरक्या चुण्या पडतात आणि त्या नंतर निघत नाहीत. नीट ताणलेल्या कापडावर टिचकी मारली की संबळासारखा आवाज येतो.

आता अस्तर. तैलरंगातलं जवसाचं तेल थेट सुती किंवा तागाच्या कापडात मुरलं, तर काही वर्षांत कापड ठिसूळ होतं. म्हणून कापड आणि तेल यांच्यामध्ये आधी सरसाचा हात द्यायची जुनी पद्धत आहे. सरस पाण्यात भिजवून मंद आचेवर विरघळवतात. उकळला तर त्याचा चिकटपणा जातो. त्यावर पांढरं अस्तर चढतं. हल्ली बहुतेक जण सरसाऐवजी तयार ॲक्रिलिक गेसोचं अस्तर वापरतात आणि मराठवाड्याच्या हवेत ते शहाणपणाचंही आहे. सरस दमट हवेत पाणी ओढून फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडीठाक असते आणि जूनअखेर तीच हवा ओलसर होते. कापडाखालच्या सरसाची ही ओढाताण वरच्या कडक झालेल्या रंगाला सोसत नाही आणि त्याला भेगा पडतात. गेसोचे तीन-चार पातळ हात, एक आडवा तर पुढचा उभा, दोन हातांमध्ये पुरेसं वाळू देऊन हलका पॉलिशपेपर आणि शेवटच्या हातानंतर दोन-तीन दिवसांची विश्रांती. एवढं केलं की पृष्ठभाग रंग धरतोही आणि तेल गिळतही नाही.

खरा कस रचनेत लागतो. बारा इंच बाय वीस इंचांचं पक्कं कच्चं चित्र आधी हवं. त्यावर एकेक इंचाच्या चौकटी आखल्या की 240 चौकटी होतात. कॅनव्हासवर तेवढ्याच, पण सहा-सहा इंचांच्या. रेघा मारायला पट्टी पुरत नाही. सुताराप्रमाणे कोळशाची पूड लावलेली दोरी दोन टोकांना ताणायची आणि मधे उचलून सोडायची. रेखाटन कोळशाने, मग गेरूसारख्या मातकट रंगात टर्पेंटाइन घालून पक्कं. हे झाल्यावर बारा-पंधरा फूट मागे जाऊन पाहता यायला हवं, त्यामुळे खोलीची लांबी हाही तयारीचाच भाग. दाराची उंचीसुद्धा आधी मोजावी. पूर्ण झालेलं चित्र दारातून निघेना, म्हणून चौकट सोडवायची पाळी येऊ शकते. गुंडाळायची वेळ आलीच तर रंगाची बाजू बाहेर ठेवून मोठ्या व्यासाच्या नळीवर गुंडाळावं; आत ठेवल्यास रंग दाबला जाऊन त्याला चिरा पडतात.

रंगांचाही हिशोब मांडावा लागतो. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. बर्न्ट अंबर लवकर वाळतो, बरेचसे पांढरे आणि काळे रंग रेंगाळतात. म्हणून खालचे थर पातळ आणि कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. हा क्रम उलटला तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलतो आणि रंगाला भेगा पडतात. साठ चौरस फुटांत पांढरा रंग सर्वांत आधी संपतो, तेव्हा तो मोठ्या डब्यात घ्यावा. आकाशासारख्या मोठ्या भागाचा रंग एकाच वेळी पुरेसा मिसळून ठेवावा. तोच रंग दुसऱ्यांदा हुबेहूब लावणं फार अवघड जातं. आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यात ढीग करून कधीच ठेवू नयेत. तेल घट्ट होताना उष्णता सोडतं आणि त्या आपोआप पेटू शकतात. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात.

अजिंठ्याच्या नकलांसाठी तैलरंग निवडणं मात्र चुकलंच, असं म्हणावं लागतं. मूळ चित्रं कोरड्या भिंतीवरची, चमक नसलेली. तेलाची चकाकी आणि कालांतराने येणारा काळोख त्यांच्या स्वभावाशी जुळत नाही. 1909 ते 1911 दरम्यान लेडी हेरिंगहॅम नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सय्यद अहमद यांच्यासह आल्या, तेव्हा त्यांनी तेलाऐवजी पाण्यातले रंग घेतले, हे बरोबर केलं. तरीही गिल-ग्रिफिथ्स यांच्या प्रतींचं मोल कमी होत नाही. दीडशे वर्षांत भिंतीवरून जे निखळलं, त्यातलं बरंच आता त्या प्रतींतच पाहायला मिळतं.

शहरातल्या शासकीय कला महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी आणि हौसेने मोठा कॅनव्हास घेणाऱ्या सर्वांनी एक सवय लावून घ्यावी. चौकटीच्या मागच्या पट्टीवर पेन्सिलीने तारीख, कापडाचा प्रकार, अस्तर कशाचं आणि किती हातांचं, कोणतं तेल वापरलं हे लिहून ठेवावं. पन्नास वर्षांनी ते चित्र दुरुस्त करायला बसणाऱ्या माणसाला सर्वांत आधी हीच माहिती लागेल.