उसाच्या फडातून मॉरिशसला

विद्यापीठाचा अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय करायचा म्हटलं, की आपल्याला आधी विमानाचं तिकीट आठवतं. स्वीडनमधल्या माल्मो विद्यापीठाने हा विचारच उलटा केला. ते १९९८ साली सुरू झालं, तेव्हा परदेशी विद्यापीठांशी त्याचे संबंध अजून जुळायचे होते. शहरात मात्र देशोदेशीची माणसं राहत होती. तिथल्या बेंग्ट निल्सन यांनी मग ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’ ही कल्पना मांडली. जी मुलं कुठेच जाणार नाहीत, त्यांच्याही रोजच्या विषयांत जग यायला हवं.

बारामती-इंदापुरात हे जग रस्त्याकडेलाच उभं आहे. इथला शेतकरी ज्याला ‘शहाऐंशी-शून्य-बत्तीस’ म्हणतो, त्या उसाचे पूर्वज कुठले? जाड, गोड उसाचं मूळ न्यू गिनी बेटावरचं. कोइमतूरच्या केंद्रात १९१२ नंतर त्याचा चिवट जंगली उसाशी संकर झाला, आणि त्याच घराण्यातले वाण आज नीरेच्या पाण्यावर डोलतायत. झाला की नाही वनस्पतिशास्त्राचा तास!

इतिहासाचा तास तर याहून थक्क करणारा. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसं होती. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

आता आपल्या फडाकडे या. हंगाम सुरू झाला, की बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. बुडख्याशी घाव, वाढं छाटायचं, मोळी बांधायची, डोक्यावरून ट्रॉलीत चढवायची. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. त्यांनी आगाऊ घेतलेली उचल आणि मॉरिशसचा तो करार यांत सारखं काय, वेगळं काय? दुसऱ्याचं जग समजून घेण्याची सुरुवात या प्रश्नापासून व्हावी. फडाजवळच्या कोपीतल्या, म्हणजे मजुरांच्या झोपडीतल्या, माणसाशी कधी न बोललेला विद्यार्थी परदेशात जाऊनही फोटोच काढून येईल. परदेशी पाहुण्याला शाल-श्रीफळ दिलं की आंतरराष्ट्रीयीकरण झालं, असं मानणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं.

मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवतात. इथल्या एखाद्या महाविद्यालयाने त्यांच्यासोबत ऊस आणि स्थलांतर या विषयावर ऑनलाइन वर्ग घेऊन पाहावाच. भाषेची अडचण नाही, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे आहे.