बंदुकीचा धक्का आणि नेमबाजाचा हात

दिल्लीजवळील तुघलकाबाद येथे १९८२ च्या आशियाई क्रीडासामन्यांसाठी एक नेमबाजीचे मैदान बांधण्यात आले. पाच ऑलिंपिक सामन्यांत भारताचे प्रतिनिधित्व केलेले बिकानेरचे डॉ. कर्णीसिंह यांचे नाव या मैदानाला दिलेले आहे. त्याच्या एका भागात उडत्या चकत्यांवर छर्‍याच्या बंदुकीने नेम धरण्याचा सराव चालतो. नेमबाज आपल्या जागी उभा राहतो, बंदूक खांद्याला लावतो व आवाज देतो. त्याबरोबर समोरच्या खंदकातील यंत्रातून ११० मिलिमीटर व्यासाची एक चकती ताशी शंभर किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने दूर फेकली जाते. चुनखडीची पूड व डांबर यांपासून केलेली ही चकती फार तर एक-दोन क्षणच बंदुकीच्या टप्प्यात असते. बार होतो, चकतीचा चुरा होतो आणि पाहणार्‍याची नजर त्या चुर्‍याकडे जाते. नेमबाजाच्या उजव्या हाताकडे सहसा कोणी पाहत नाही.

या हाताला काय सोसावे लागते, त्याचा अंदाज एका उदाहरणावरून येईल. २००४ साली अथेन्स येथील ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅप या प्रकारात रौप्यपदक मिळविले. (हा प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आला.) त्या एका दिवसात प्राथमिक फेर्‍यांत १५० व अंतिम फेरीत ५०, म्हणजे एकूण २०० चकत्यांवर त्यांना बार काढावे लागले. दोनशे बार म्हणजे दोनशे धक्के. आजच्या ट्रॅप स्पर्धेतही प्राथमिक फेरीच १२५ चकत्यांची असते आणि प्रत्येक चकतीवर दोन बार काढण्याची मुभा असते. सरावाचे दिवस तर वेगळेच. तेव्हा हात ठणकू लागला, बोट सुजले किंवा मनगटात कळ येऊ लागली, तर ती किरकोळ तक्रार म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नव्हे.

बंदूक मागे का येते, याचे उत्तर न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या गतिनियमांत आहे. प्रत्येक क्रियेला तितकीच व विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया असते. दारूच्या ज्वलनाने निर्माण झालेला वायू छर्‍यांना पुढे ढकलतो, त्याच वेळी तो बंदुकीलाही मागे ढकलतो. पुढे जाणार्‍या द्रव्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, जितका असेल तितकाच संवेग बंदुकीला मागच्या दिशेने मिळतो. यातून सुटका नाही. धक्का नाहीसा करण्याची एखादी युक्ती असल्याचे कोणी सांगू लागल्यास ते ऐकून सोडून द्यावे. धक्का कसा वाटला जावा आणि किती काळात अंगावर यावा, एवढेच आपल्या हाती असते.

हिशेब करून पाहणे उपयुक्त ठरेल. बारा बोअरची बंदूक सर्वांत प्रचलित आहे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यांतील एका गोळ्याचा जो व्यास, तो या नळीचा व्यास. तो सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. तिच्या काडतुसात ३२ ग्रॅम छर्रे, त्यांच्यामागे सुमारे ३ ग्रॅमचा डट्टा आणि दीड ग्रॅम दारू आहे असे समजू. छर्रे व डट्टा सेकंदाला ३७० मीटर वेगाने नळीबाहेर पडतात. त्यांचा संवेग सुमारे १३ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होतो. दारूचा वायू वजनाने थोडा असला, तरी तो फार वेगाने निघत असल्याने आणखी पावणेदोनची भर घालतो. एकूण पावणेपंधरा. बंदूक ३.२ किलोग्रॅम वजनाची असेल, तर ती सेकंदाला सुमारे ४.६ मीटर वेगाने मागे येऊ पाहते आणि तिच्या ठिकाणी ३४ ज्यूल ऊर्जा असते.

आता याच बंदुकीत ३२ ऐवजी २४ ग्रॅम छर्‍यांचे काडतूस घातले, तर मागे येण्याचा संवेग सुमारे एकपंचमांशाने घटतो, पण ऊर्जा ३४ वरून साधारण २१ ज्यूलवर येते, म्हणजे एकतृतीयांशाहूनही अधिक कमी होते. याचे कारण असे की, ऊर्जा ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. उलटपक्षी काडतूस तेच ठेवून बंदुकीचे वजन एकपंचमांशाने वाढविले, तर ऊर्जा फक्त एकषष्ठांशाने घटते. शिवाय ते वाढलेले वजन दिवसभर हातांनी पेलावे लागते ते वेगळेच. हात दुखतो म्हणून जड बंदूक विकत घेऊ पाहणार्‍याने आधी हलके काडतूस वापरून पाहावे, हे यावरून उघड आहे. ऑलिंपिक पद्धतीच्या स्पर्धांत आज २४ ग्रॅमचेच काडतूस वापरले जाते. बर्मिंगहॅमचे बंदूककार ग्रीनर यांचा जुना ठोकताळा असा होता की, बंदूक छर्‍यांच्या वजनाच्या ९६ पट जड असावी. ३२ ग्रॅमच्या भारासाठी ती ३ किलोग्रॅमपेक्षा किंचित अधिक भरते. हा ठोकताळा आजही फारसा चुकत नाही.

परंतु दुखणे केवळ ऊर्जेवर अवलंबून नसते. वेगाने येणारा क्रिकेटचा चेंडू झेलताना क्षेत्ररक्षक आपले हात चेंडूबरोबर मागे नेतो. चेंडूची ऊर्जा तीच असते. ती थोड्या अंतरात शोषायची की अधिक, एवढाच प्रश्न असतो. आपल्या ३४ ज्यूलच्या बंदुकीला एका सेंटिमीटरात थांबवायचे झाल्यास सरासरी ३,४०० न्यूटन, म्हणजे सुमारे साडेतीनशे किलोग्रॅम वजनाएवढे बल लागेल. तीच बंदूक पाच सेंटिमीटरांत थांबली, तर ते बल सत्तर किलोग्रॅमच्या आसपास येते. दस्त्याच्या टोकाला बसविलेली रबराची गादी हेच काम करते. काही स्वयंचलित बंदुकांत दारूच्या वायूचा थोडा भाग नळीतील छिद्रांवाटे घेऊन त्याच्या जोरावर रिकामे काडतूस बाहेर टाकले जाते. अशा बंदुकीचा एकूण संवेग तेवढाच राहतो, पण धक्का अधिक काळात विभागला जाऊन सौम्य भासतो.

नवशिका नेमबाज भीतीने बंदूक खांद्यापासून बोटभर दूर धरतो. खांदा वाचावा हा त्याचा हेतू असतो. घडते मात्र नेमके उलट. मोकळी असलेली बंदूक आपला पूर्ण वेग घेते आणि मग एखाद्या हातोड्यासारखी खांद्यावर आदळते. दस्ता आधीपासून खांद्याच्या खोबणीत घट्ट बसलेला असेल, तर खांदा, दंड व हात हे जणू बंदुकीच्या वजनाचाच भाग बनतात. हिशेबापुरते असे समजू की, शरीराचा ३.२ किलोग्रॅमएवढा भाग बंदुकीबरोबर हलतो. अशा वेळी मागे येण्याचा वेग निम्मा होतो व ऊर्जाही निम्मीच राहते.

खांद्याच्या दुखण्याची चर्चा पुष्कळ होते. हाताचे दुखणे मात्र बहुधा दुर्लक्षिले जाते, आणि त्याची कारणेही वेगळी असतात. बंदूक मागे सरकते तेव्हा मूठ तिच्याबरोबर तत्काळ सरकत नाही. क्षणभर मागे पडते. या क्षणात चापाभोवतालचे धातूचे कडे मागे येऊन मधल्या बोटावर, बहुधा पेराच्या वरच्या बाजूला, आपटते. एका बाराने काही जाणवत नाही. वीस-पंचवीस बारांनंतर बोट लाल होते आणि संध्याकाळपर्यंत तेथे मुका मार लागल्याप्रमाणे सूज येते. अनेक नेमबाज हे दुखणे काडतुसाच्या माथी मारतात. वस्तुतः पुष्कळदा दोष मुठीच्या जागेचा असतो. मधले बोट कड्याला चिकटून ठेवले, तर कड्याला ते आयतेच सापडते. मूठ थोडी मागे घेऊन कडे व बोट यांच्यामध्ये बोटाच्या जाडीइतकी जागा सोडली, तर तक्रार बहुधा तिथेच मिटते. अर्थात तसे करूनही चापापर्यंत तर्जनी सहज पोहोचली पाहिजे. ती पोहोचत नसेल तर दस्ता त्या माणसासाठी लांब आहे असे समजावे.

दोन चापांच्या दुनळी बंदुकीत आणखी एक अडचण असते. पुढच्या चापाने एक नळी सुटते, मागच्याने दुसरी. मागचा चाप ओढताना तर्जनी दोन्ही चापांच्या मध्ये असते आणि मागे येणारा पुढचा चाप तिच्या पाठीवर बसतो. जुन्या बंदूककारांनी हे ओळखून पुढच्या चापाला बिजागरी बसविली, म्हणजे बोटाला लागताच तो पुढे झुकतो. साधी, स्वस्त आणि अतिशय शहाणपणाची ही योजना आहे. ती नसल्यास कड्याच्या मागच्या बाजूला रबराचे वेटोळे चढविणे व पातळ चामड्याचा हातमोजा घालणे हे उपाय आहेत. जाड मोजा मात्र टाळावा. चाप बोटाला जाणवत नसेल, तर बंदूक नको त्या वेळी सुटण्याचा धोका असतो आणि तो धोका सुजलेल्या बोटाहून कितीतरी मोठा आहे.

दस्ता आखूड असला की अंगठा नाकाजवळ येतो व धक्क्याबरोबर नाकावर किंवा ओठावर आपटतो. लांब असला की त्याचे टोक कपड्यात अडकून दंडावर टेकते आणि तेथे निळाकाळा डाग उठतो. नळी खांद्याच्या पातळीपेक्षा वर असल्याने बंदूक नुसती मागे येत नाही, तिचे तोंड वरही उसळते. हे उसळणे मनगट व गाल यांना आवरावे लागते. सरळ दस्त्यापेक्षा पिस्तुली मुठीचा दस्ता मनगटाला कमी वाकवतो, म्हणून दीर्घ स्पर्धांसाठी तो सोयीचा पडतो. मूठ किती आवळावी, याबाबत दोन्ही टोके वाईट. ढिली मूठ कड्याचा मार खाते. अतिशय आवळलेल्या मुठीत पुढच्या हाताचे स्नायू आधीच शिणलेले असतात आणि धक्का मनगटातून थेट कोपरापर्यंत जातो. सुतार हातोडा धरतो तितपत घट्टपणा पुरे. डाव्या हातानेही आपला वाटा उचलला पाहिजे. सगळा भार उजव्या मुठीवर टाकणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

हाताच्या दुखण्याचा खरा परिणाम हातावर न दिसता नेमावर दिसतो. दुखावलेले शरीर पुढच्या धक्क्याची वाट पाहू लागते. चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, नळीचे तोंड खाली जाते. नेमबाजाला स्वतःला हे कळत नाही, म्हणून काही शिक्षक त्याच्या नकळत बंदुकीत एखादे दारूविरहित काडतूस घालतात. बार होत नाही, नुसता ‘खट्’ असा आवाज येतो, आणि तरीही बंदुकीचे तोंड झटक्याने खाली गेलेले सर्वांना दिसते. ही दचकण्याची सवय एकदा जडली की ती मोडण्यास महिनोन्‌महिने लागतात. धक्का सोसणे ही मर्दुमकी मानणार्‍यांनी होतकरू मुलामुलींच्या हाती पहिल्याच दिवशी हलकी बंदूक आणि भारी काडतूस देऊन किती चांगले नेमबाज गमावले असतील, कोण जाणे! बाराचा कडाड आवाजही या दचकण्यात भर घालतो. तो १४० डेसिबेलच्या वर जातो. कानांना संरक्षण दिले असता धक्काही कमी वाटतो, असा अनुभव आहे. कान वाचतात, हा लाभ तर वेगळाच.

मैदानाबाहेरही छर्‍याची बंदूक आहे. वन्यजीवांच्या शिकारीस १९७२ च्या कायद्याने बंदी असली, तरी पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगण्याचा परवाना १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्यानुसार शेतकर्‍याला मिळू शकतो. या बंदुकीत काडतूस नसते. दारू व छर्रे तोंडाकडून भरून गजाने ठासावे लागतात. काळी दारू सुमारे ५ ग्रॅम तरी लागते आणि जळल्यावर तिचा अर्ध्याहून अधिक भाग घन राख व धूर यांच्या रूपाने उरतो. हे सारे द्रव्य छर्‍यांबरोबर पुढे जात असल्याने धक्क्यात त्याची मोठी भर पडते. दारू अंदाजाने ओतणार्‍याला प्रत्येक वेळी वेगळा धक्का बसतो. मापाचे भांडे वापरल्यास हात तर वाचतोच; शिवाय जादा दारूने नळी फुटण्याचे भयही टळते. ते भय धक्क्याच्या दुखण्यापेक्षा फार गंभीर आहे.

बोट सुजल्यास थंड पाण्याची पट्टी व विश्रांती यांनी ते बहुधा दोन-चार दिवसांत उतरते. पण बोटांना मुंग्या येणे, बधिरपणा राहणे किंवा मूठ वळताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येणे ही लक्षणे सूज ओसरल्यावरही टिकून राहिली, तर ती मज्जातंतू किंवा सांध्यावर ताण आल्याची असू शकतात आणि वैद्याला दाखवणे आवश्यक ठरते. सरावाच्या मध्येच अशी कळ आली, तर काडतुसांची पेटी कितीही भरलेली असो, बंदूक उघडून रिकामी करावी आणि उरलेल्या चकत्या दुसर्‍या दिवसासाठी ठेवाव्यात.