मोहफुलांचा भाव आणि शासनाचे धोरण

मेळघाटातील चिखलदरा तालुक्यात चैत्राच्या सुमारास मोह फुलतो. कोरकू कुटुंबे पहाटे गळालेली फुले वेचून वाळवितात. हे पीक पेरावे लागत नाही. परंतु त्याचे मोल बाजार आणि कायदा हे दोघे मिळून ठरवितात.

हंगामात सर्वांचा माल एकदम येतो, म्हणून भाव उतरतो. पुढे माल दुर्मिळ झाला की भाव चढतो. या चढीचा लाभ माल साठवू शकणाऱ्यासच मिळतो. मोहापासून दारू गाळली जाते, या कारणास्तव फुलांच्या साठ्यावर निर्बंध होते. त्यामुळे वेचणाऱ्यास मिळेल त्या भावाने विकणे भाग पडे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने हे निर्बंध शिथिल केले.

चिखलदरा व धारणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभांना गौण वनोपजाच्या मालकीची तरतूद केली, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला.

या हक्काचा लाभ पदरात पडावा, यासाठी पुढील गोष्टी कराव्यात. झाडाखालील पाला जाळू नये, त्याने वणवा पसरतो. त्याऐवजी कापड किंवा जाळी अंथरावी. फुले स्वच्छ जागी कडक वाळवून कोरड्या जागी ठेवावीत, कारण ओलसर फुलांना बुरशी लागते. माल एकत्र तोलून ग्रामसभेमार्फत विकावा. शासनाची आधारभूत किंमत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हंगामापूर्वीच फलकावर लिहावी. भाव आधी ठाऊक असलेला विक्रेता सहसा फसत नाही.