वृद्धांचा ‘चरितार्थ’ आणि वृद्धांची ‘शुश्रूषा’

वृद्धांविषयी बोलताना पोसणे, सांभाळणे, पाहणे, शुश्रूषा करणे ही क्रियापदे मराठीत बहुधा एकमेकांच्या जागी योजली जातात. कायद्याला अशी सैल योजना परवडत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासंबंधीचा २००७ चा अधिनियम ह्या दृष्टीने वाचला असता, त्यात दोन भिन्न कर्तव्ये आढळतात. पहिले नात्यावरून ठरते. दुसरे, वृद्ध व्यक्ती प्रत्यक्षात कोणाच्या हवाली आहे ह्यावरून.

पहिल्या कर्तव्यास शासकीय मराठीत ‘चरितार्थ’ हा शब्द रूढ आहे. संस्कृतात त्याचा अर्थ ‘ज्याचा हेतू सिद्धीस गेला आहे असा’. मराठीत तो उपजीविकेवर येऊन स्थिरावला. अधिनियमाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवास आणि वैद्यकीय उपचार ह्या चार गोष्टी अंतर्भूत आहेत. ‘पोटगी’ ह्या जुन्या शब्दापेक्षा हा अर्थ निश्चितच व्यापक होय. बांधील कोण, तर सज्ञान मुलगा, मुलगी, नातू आणि नात. निपुत्रिकाच्या बाबतीत, ज्यांच्याकडे त्याची मालमत्ता आहे किंवा वारसाहक्काने येणार आहे असे नातेवाईक. सून आणि जावई ह्या व्याख्येत नाहीत. वस्तुतः पुष्कळ घरांत वृद्धांचे सारे काही सूनच करते. परंतु तिचे कष्ट कायद्याच्या शब्दकोशात अद्याप आलेले नाहीत. सून व जावई यांचा समावेश सुचविणारे २०१९ चे विधेयक संमत न होताच व्यपगत झाले.

कन्येचे कर्तव्य तर एका सर्वनामावर अवलंबून होते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ मध्ये आई-वडिलांचा उल्लेख पुल्लिंगी षष्ठी सर्वनामासह होता. त्यामुळे विवाहित कन्येवर हे दायित्व येत नाही, असा युक्तिवाद महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात करण्यात आला. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि कायद्यातील पुल्लिंगी सर्वनामात स्त्रीचाही समावेश होतो, असा निर्वाळा दिला. व्याकरणातील लिंगविचार एखाद्या पित्याच्या जेवणाशी इतका निगडित असू शकतो, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

दुसरे कर्तव्य कलम २४ मध्ये येते. ज्येष्ठ नागरिक ज्याच्या देखभालीत किंवा संरक्षणात आहे, अशा कोणीही त्याला पूर्णतः टाकून देण्याच्या उद्देशाने कोठेही सोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे रक्ताच्या नात्याची अट नाही. पगारी परिचारकासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५७ स्वतंत्रपणे आहे: असहाय व्यक्तीची सेवा करण्याचा करार करून स्वेच्छेने तो मोडणे हा अपराध ठरतो. मात्र ‘पूर्णतः’ हे क्रियाविशेषण विचार करावयास लावणारे आहे. घरातच ठेवून, वेळेवर जेवू घालून, दिवसभर एका शब्दानेही न बोलणारा मनुष्य ह्या कलमात सापडत नाही.

ते उरलेले क्षेत्र नीतीचे होय. ‘शुश्रूषा’ हे ‘श्रु’ धातूचे इच्छादर्शक रूप. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. कूस कधी बदलावी, दार उघडे ठेवावे की बंद, रुग्णालयात जावयाचे की नाही, हे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला विचारणे ह्या अर्थात येते. न्यायाधिकरणाला रक्कम ठरविता येते, हे ठरविता येत नाही.

वृद्धांना स्वतःच्या शब्दांचीही काळजी घ्यावी लागते. कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मिळविता येते. ती अट असल्याचे सिद्ध झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. २०२५ च्या एका निर्णयात उदार अन्वयार्थ लावून मातेच्या बाजूने निकाल दिला. तरीही ‘प्रेमापोटी’ एवढेच लिहिलेल्या बक्षीसपत्रापेक्षा, निवास, अन्न आणि उपचार यांची अट स्पष्ट नमूद केलेले बक्षीसपत्र पुष्कळ सुरक्षित असते.