दाढेच्या मुळाची साफसफाई



आमच्या मोठ्या गटातील एक मुलगा मध्यंतरी दोन रविवार वर्गाला आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो गालावर हात धरूनच. त्याच्या दाढेचे रूट कॅनल अर्धवट राहिले होते. पहिल्या खेपेनंतर ठणका थांबला, तेव्हा उरलेले काम सुट्टीत भारतात गेल्यावर करू, असे घरी ठरले. पण दाढेत भरलेले तात्पुरते सिमेंट झिजले आणि दुखणे उलटले. "दुखायचे थांबले होते, मग आत राहिले काय?" हा त्याचा प्रश्न आम्ही सर्वांनी मिळून समजून घ्यायचे ठरवले.

दात बाहेरून दगडासारखा कठीण असला तरी आतून पोकळ असतो. त्या पोकळीत नसा आणि रक्तवाहिन्या असलेला मऊ गर असतो. हा गर मुळातल्या बारीक नळीतून थेट टोकापर्यंत जातो. पुढच्या दाताला बहुधा एकच नळी असते, तर वरच्या मोठ्या दाढेला तीन किंवा चार. कीड खोल गेली की जंतू गरात शिरतात आणि गर मरतो. मेलेल्या गरात रक्त फिरत नाही, त्यामुळे पोटात घेतलेल्या गोळ्यांचे औषध तेथे पोचत नाही. म्हणून नळी आतून साफ करण्याला पर्याय नाही.

खरा शत्रू जंतूच, हे १९६५ साली अमेरिकेतील काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगात दाखवले. दाढेचा गर उघडा केल्यावर साध्या उंदरांचा गर सडला. पण जन्मापासून जंतुविरहित जागेत वाढवलेल्या उंदरांची दाढ आपोआप भरून येऊ लागली!

आता साफसफाई कशी करतात ते पाहू. प्रथम इंजेक्शन देऊन दाढ बधिर करतात. मग तिच्याभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात. त्यामुळे लाळ आत जात नाही आणि औषध घशात उतरत नाही. ही युक्ती न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने १८६४ साली काढली.

नंतर येतात फाइली, म्हणजे सुईसारख्या बारीक कानशी. काहींचे टोक अवघे ०.१ मिलिमीटर जाडीचे असते. पूर्वीपासूनच्या फाइली पोलादाच्या. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या फाइली अधिक लवचिक असल्यामुळे वाकड्या मुळातही वळत जातात.

पण नुसते घासून भागत नाही. अरुंद तोंडाची बाटली धुताना ब्रश सगळ्या कोपऱ्यांत पोचतो का? नळीलाही फाटे आणि खाचा असतात. २००१ सालच्या एका अभ्यासात फाइलींनी नळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग घासलाच जात नाही, असे आढळले. तेथे उपयोगी पडते ते धुणे.

धुण्याचे मुख्य औषध म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. कपड्यांच्या ब्लीचमध्ये असते तेच! ते जंतू मारते आणि मेलेला गर विरघळवते. ते मुळाच्या टोकाबाहेर गेले तर मात्र भाजल्यासारखी इजा होते. म्हणून बाजूला भोक असलेल्या सुईने, अगदी हलक्या दाबाने सोडतात. (घरी कोणीही हा प्रयोग करू नये!) घासताना भिंतीवर बसलेला बारीक भुगा काढायला ईडीटीए नावाचे दुसरे द्रावण वापरतात. बाटली आपण खळखळून हलवतो ना? तसेच काही दंतवैद्य स्वनातीत लहरींनी आतले द्रावण घुसळतात, म्हणजे ते खाचांतही शिरते.

काम एका खेपेत संपले नाही, तर नळी कोरडी करून कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप भरतात. म्हणजे काय, ठाऊक आहे? आजोबांच्या पानाच्या डब्यातला चुनाच, फक्त शुद्ध केलेला! शेवटी गटापर्चा या झाडाच्या चिकापासून केलेल्या पदार्थाने नळी बुजवतात आणि दाढेवर पक्के सिमेंट किंवा टोपी बसवतात.

आता आमच्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. नस गेली म्हणून दुखणे थांबले होते, जंतू गेले म्हणून नव्हे. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांपुरतेच असते. ते झिजताच लाळेबरोबर नवे जंतू आत शिरले. दंतवैद्यांनी सगळे काम पहिल्यापासून केले आणि त्याची दाढ वाचली. पण खर्च आणि त्रास दुप्पट झाला.

पालकहो, येथे दातांचा खर्च जड जातो, हे आम्ही जाणतो. काम भारतात करायचे असेल तर सगळेच तेथे करा. पण येथे सुरू केलेले अर्ध्यावर सोडू नका.

मुलांनो, घरचा अभ्यास: दात, दाढ, सुळा, हिरडी आणि अक्कलदाढ हे शब्द वापरून पाच वाक्ये लिहून आणा. आणि हो, आज रात्री दात घासूनच झोपा!